सणावारातून आलेली नावं: घरातल्या नावाचं मूळ कसं शोधायचं आणि बाळासाठी त्यातून नाव कसं निवडायचं

नावाचा अर्थ बघायचा म्हटलं की आता सगळे मोबाईलच काढतात, आणि तिथं अक्षय म्हणजे न संपणारा, विजया म्हणजे जिंकणारी असा एका ओळीचा अर्थ मिळतो. तो चुकीचा नसतो, पण आपल्या घरातल्या माणसाला ते नाव का मिळालं हे त्या ओळीत कधीच नसतं. आपल्या सातारा-सांगलीकडं निम्म्याहून जास्त जुनी नावं कुठल्यातरी सणाची, तिथीची नाहीतर जत्रेची आहेत असं मला वाटतं, आणि ती सांगणारी पिढी आता ऐंशीच्या पुढं गेलीय, म्हणून ही माहिती आत्ताच विचारून लिहून ठेवली पाहिजे असं मनापासून वाटतं. मूळ कसं शोधायचं ते क्रमानं सांगतो, आणि ज्यांच्या घरी बाळ येणार आहे त्यांच्यासाठी शेवटी नाव निवडायचंही सांगतो.

पायरी पहिली: खरं नाव कुठलं ते आधी ठरवा

हे सोपं वाटतं पण निम्मा घोळ इथंच होतो. एका माणसाला पत्रिकेतलं राशीचं नाव असतं, बारशाला पाळण्यात ठेवलेलं नाव असतं, शाळेत मास्तरांनी लिहिलेलं असतं आणि हाकेचं आणखी वेगळं. बायकांच्या बाबतीत तर लग्नात नाव बदलायची पद्धत होती, त्यामुळं आजीचं आधार कार्डावरचं लक्ष्मीबाई हे सासरचं नाव असू शकतं आणि त्याचा तिच्या जन्माशी काहीच संबंध नसतो. माहेरचं नाव विचारा. आजी नसेल तर तिच्या माहेरच्या कोणाला तरी विचारा, आजीचे भाऊ-भाचे असतातच की. माहेरी तिला ललिता म्हणत असतील तर लगेच विचारायचं, नवरात्रातला जन्म का, कारण आश्विन शुद्ध पंचमीला ललिता पंचमी असते.

ही सगळी नावं एका कागदावर जशी बोलतात तशीच लिहून काढा. आमच्याकडं हणमंत म्हणतात, तर हणमंतच लिहा, हनुमान करू नका. नाव ज्या रूपात बोललं जातं त्यावरून ते कुठल्या भागातून आलं याचा अंदाज येतो.

पायरी दुसरी: जन्मतारीख, पण दाखल्यावरची धरून चालू नका

जुन्या माणसांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर १ जून ही तारीख इतक्या जणांची आहे की ती दिसली की समजायचं, नाव घालताना मास्तरांनी टाकलेली तारीख आहे. तिच्यावरून तिथी काढायला गेलात तर सगळंच चुकतं. त्यापेक्षा तालुक्याला तहसील कार्यालयात गावचं जन्म-मृत्यूचं जुनं रजिस्टर मिळतंय का बघा, त्यालाच कोतवाल बुक म्हणतात, गाव नमुना १४. तिथं बऱ्याचदा मुलाचं नाव नसतं, नुसतं "अमक्याला मुलगा झाला" एवढंच असतं, पण तारीख खरी असते आणि आपल्याला तीच पाहिजे.

रजिस्टर नाही मिळालं तर आठवणीवरून काढता येतं. फक्त "तुमचा जन्म कधीचा" असं विचारलं तर उत्तर मिळत नाही. "बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, झाला होता का", "कोयनेच्या भूकंपाच्या आधीचा का नंतरचा", "बाहत्तरच्या दुष्काळात किती वर्षांचे होता" असं विचारा. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, आणि पाटण-कराडकडच्या माणसांना त्या रात्री कोण पाळण्यात होतं आणि कोण पोटात होतं हे पक्कं आठवतं. एकदा वर्ष आणि सण मिळाला की तारीख पंचांगातून निघते.

पायरी तिसरी: तारखेवरून तिथी

जुनं पंचांग किंवा तिथी दाखवणारं ॲप घ्या आणि तारीख घाला. इथं दोन गोष्टी नीट समजून घ्या नाहीतर आख्खा महिना चुकतो.

आपल्याकडं महिना अमावस्येला संपतो, उत्तरेकडं पौर्णिमेला. म्हणजे शुद्ध पक्ष दोघांचा एकाच महिन्यात असतो पण वद्य पक्षात त्यांचा महिना पुढं गेलेला असतो. गोकुळाष्टमी आपल्याला श्रावण वद्य अष्टमी, हिंदी साइटवर तोच दिवस भाद्रपद कृष्ण अष्टमी म्हणून दिसतो. महाशिवरात्र आपली माघातली, त्यांची फाल्गुनातली. दिवस एकच असतो, फक्त महिन्याचं नाव बदलतं, आणि श्रावणात जन्मली म्हणून श्रावणी ठेवलेल्या मुलीचा महिना ॲपवर भाद्रपद दिसला की लोकांना वाटतं घरच्यांनीच चुकीचं सांगितलं. घरच्यांचं बरोबर असतं. ॲपच्या सेटिंगमध्ये अमान्त, म्हणजे अमावस्येला संपणारा महिना, निवडा.

दुसरं म्हणजे सण दरवर्षी इंग्रजी तारखेला सरकतात हे माहीतच आहे, पण साधारण १९ वर्षांनी तिथी आणि तारीख परत जवळपास जुळते. २००५ साली लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं आणि २०२४ लाही १ नोव्हेंबरलाच. जुनं पंचांग हाताशी नसलं तर १९ वर्षं पुढचं बघून एखाद्या दिवसाच्या फरकानं अंदाज घेता येतो. संक्रांत मात्र सूर्यावर चालते म्हणून ती १४-१५ जानेवारीलाच.

अधिक महिना आला तर तोही टिपा. त्याला पुरुषोत्तम मास म्हणतात आणि त्या महिन्यात झालेल्या मुलाला पुरुषोत्तम नाव ठेवलेली घरं आहेत. २०२३ ला अधिक श्रावण होता, २०२६ ला अधिक ज्येष्ठ. याच महिन्याला बोलीत धोंडा महिना म्हणतात, म्हणून धोंडू किंवा धोंडिराम हेही तिथलंच असं पटकन वाटतं, पण धोंडू, दगडू ही नावं बहुतेक वेळा आधीची मुलं जगली नाहीत म्हणून, याला तरी दृष्ट लागू नये, हा दगडासारखा टिकावा म्हणून ठेवलेली असतात. तसं असेल तर घरात हळू आवाजात विचारा, त्या आईनं काय सोसलंय ते त्या नावात आहे.

पायरी चौथी: नाव सणातून कुठल्या वाटेनं आलंय

ही खरी महत्त्वाची पायरी आहे, इथं वेळ द्या. माझ्या मते सणातून नाव चार वाटांनी येतं.

पहिली वाट सणाच्या शब्दाची. अक्षय तृतीयेवरून अक्षय, अक्षया. विजयादशमीवरून विजय, विजया, आणि त्या दिवशी अपराजितेची पूजा असते म्हणून अपराजिता. दिवाळीची दीपाली, दीपावली म्हणजे दिव्यांची ओळ. अनंत चतुर्दशीचा अनंत, ज्याला अंत नाही असा विष्णू, त्या व्रतात चौदा गाठींचा दोरा बांधतात. वसंत पंचमीचे वसंत, वासंती. ही ओळखायला सोपी.

दुसरी वाट देवाची, आणि सगळ्यात जास्त नावं हिच्यातून येतात. रामनवमीला राम, रघुनाथ, सीताराम. चैत्र पौर्णिमेला हनुमान जयंती, तेव्हा मारुती, हणमंत, बजरंग, मुलगी असेल तर अंजना. समर्थांनी स्थापलेले अकरा मारुती आपल्याच पट्ट्यात आहेत, चाफळचे दोन, मसूर, उंब्रज, शहापूर, माजगाव, शिंगणवाडी, खाली बहे, शिराळा आणि कोल्हापूरकडचे दोन, त्यामुळं इथं घरटी एक मारुती नाहीतर हणमंत सापडतोच. नागपंचमीचे नागेश, नागनाथ, नागू, आणि बत्तीस शिराळ्याकडं या सणाचा मान किती ते सांगायला नको. चंपाषष्ठी खंडोबाची, तिचे खंडू, खंडेराव, मार्तंड, मल्हारी. मल्हारी म्हणजे मल्ल अधिक अरि, मल्ल दैत्याचा शत्रू, मणी आणि मल्ल या दोघांना मार्तंड भैरवानं मारलं ती कथा. कराडजवळच्या पालीला पौषात खंडोबा-म्हाळसाचं लग्न लागतं, तेव्हा पौषातला खंडू दिसला तर चंपाषष्ठी शोधत बसू नका, पालीची जत्रा धरा.

दत्तजयंती मार्गशीर्ष पौर्णिमेला. दत्तात्रेय म्हणजे दत्त अधिक आत्रेय, अत्री ऋषींचा मुलगा जो देऊन टाकला तो. आपल्या कागदोपत्री सगळीकडं दत्तात्रय लिहितात, चालतंय, पण मूळ रूप आत्रेयचं आहे हे माहीत असावं, नाहीतर त्रय म्हणजे तीन तोंडं असा अर्थ लोक लावतात. पलूस तालुक्यातल्या औदुंबरला नृसिंहसरस्वतींनी चातुर्मास केला, त्यामुळं कृष्णाकाठी दत्ता, अवधूत, श्रीपाद, नृसिंह, अगदी औदुंबर हेही माणसाचं नाव आहे. आता नृसिंह बघा, हे नाव दोन ठिकाणांहून येऊ शकतं. घर दत्तसंप्रदायी असेल तर औदुंबरवरून, आणि वाळवा तालुक्यात कोळे नरसिंहपूरच्या ज्वालानरसिंहाला मानणारं असेल तर नरसिंह जयंतीवरून, वैशाख शुद्ध चतुर्दशी. घरचा देव कुठला ते विचारल्याशिवाय हे सुटत नाही, कुठल्याही यादीत मिळणार नाही.

तसंच कृष्णा. मुलगा कृष्णा, किसन, गोकुळ असेल तर गोकुळाष्टमी. पण आजीचं नाव कृष्णाबाई असेल तर ते बहुतेक नदीचं आहे, महाबळेश्वरात उगम पावून वाई, कराड, सांगलीला येते ती कृष्णामाई, वाईला तिचा घाटाघाटांवर उत्सव होतो. देव कृष्ण आणि नदी कृष्णा, दोन्हीचा अर्थ सावळा-सावळी असाच आहे पण नाव ठेवणाऱ्याच्या मनात काय होतं ते वेगळं.

तिसरी वाट महिना आणि नक्षत्र. आपले महिने पौर्णिमेच्या चंद्राजवळच्या नक्षत्रावरून पडलेत: चित्रा म्हणून चैत्र, विशाखा म्हणून वैशाख, श्रवण म्हणून श्रावण, कृत्तिका म्हणून कार्तिक, फल्गुनी म्हणून फाल्गुन. म्हणून चैत्राली, वैशाली-विशाखा, श्रावणी, अश्विनी, कार्तिक, फाल्गुनी ही नावं लागतात. यातली वैशाली ही जुनी नगरीही आहे, तिचा वैशाखाशी शब्दाचा संबंध नाही, घरच्यांनी वैशाखात जन्मली म्हणून जोडलेला असतो एवढंच. कार्तिकेयाला सहा कृत्तिकांनी वाढवलं म्हणून तो कार्तिकेय, म्हणजे देव आणि महिना दोघांचं मूळ एकच. अर्जुनाचं एक नाव फाल्गुन आहे कारण त्याचा जन्म फल्गुनी नक्षत्रावरचा, हे महाभारतात तो स्वतःच विराटाच्या मुलाला सांगतो.

नक्षत्रावरून सणही सापडतो. गौरी बसतात तेव्हा आवाहन अनुराधा नक्षत्रावर, पूजन ज्येष्ठावर आणि विसर्जन मूळ नक्षत्रावर. भाद्रपदातली अनुराधा भेटली तर ती गौरी आणायच्या दिवशी झाली का ते विचारा. ज्येष्ठा नाव मात्र कोणी ठेवत नाही, लक्ष्मीची थोरली बहीण अलक्ष्मी तिलाही ज्येष्ठा म्हणतात म्हणून असेल, आणि मूळ नक्षत्र तर लोक घाबरतातच. रोहिणी नाव असेल तर गोकुळाष्टमी तपासा, कृष्णाचा जन्म रोहिणी नक्षत्रावर सांगितलाय.

चौथी वाट जत्रेची आणि नवसाची, आणि मला सगळ्यात जिव्हाळ्याची हीच. देशभरचे सण सगळ्यांचे असतात, पण जत्रा ही गावाची असते. महात्मा फुल्यांचंच घ्या. त्यांचं घराणं मूळचं खटाव तालुक्यातल्या कटगुणचं. जन्म ११ एप्रिल १८२७ चा, त्या दिवशी चैत्र पौर्णिमा होती आणि कोल्हापूरजवळच्या वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जोतिबाची यात्रा, म्हणून जोती नाव ठेवलं असं सांगतात. आता हे नाव कोणी नुसतं ज्योत, उजेड एवढ्या अर्थानं सांगितलं तर जोतिबाच्या उंच सजवलेल्या सासनकाठ्या घेऊन डोंगर चढणारी सगळी माणसं त्यातून गळून जातात. आपल्या भागात जोतीराम, जोतिबा, जोत्याजी ही नावं आजही आहेत. तीच चैत्र पौर्णिमा हनुमान जयंतीची, म्हणजे एकाच दिवशी जन्मलेले दोघं, एक मारुती आणि एक जोतीराम, आणि फरक फक्त घरचं देवस्थान कुठलं याचा.

तर आपल्या गावापासून निघा. माण तालुक्यात शिखर शिंगणापूर, चैत्रात शंभू महादेवाची यात्रा, त्याचे शंभू, महादेव, शंकर. म्हसवडला सिद्धनाथाचा रथ मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला, त्याचे सिद्धनाथ, सिद्धू. आरेवाडीच्या बिरोबाचे बिरू, बिरुदेव. बावधनला रंगपंचमीला भैरवनाथाचं बगाड, त्याचे भैरू, भैरवनाथ. मांढरदेवची काळूबाई पौष पौर्णिमेला, तिच्यावरून काळू, काळूबाई, आणि ही नावं रंगावरून पडली असं धरून कोणाला हिणवू नका, ती देवीची आहेत.

नवसात धर्म आडवा येत नव्हता. मराठी घरांतले फकिरा, पिराजी ही नावं पिराला किंवा मोहरमच्या डोल्यांना बोललेल्या नवसाची असतात, आणि कडेगावचे उंच ताबूत बघायला आजही सगळं गाव येतं. मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांचा उरूस, तिथल्या घराघरांत मिरासाहेब हे नाव. मुस्लिम घरांत रमजान, शाबान, रजब ही महिन्यांची नावं माणसांना ठेवतात, रमजान शब्दाच्या मुळाशी कडक उन्हाची भाजणारी धग आहे. पण त्यांचं वर्ष नुसतं चंद्रावर, साधारण ३५४ दिवसांचं, अधिक महिना नाही, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं येतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. रमजान नावाचा माणूस थंडीत जन्मला का उन्हाळ्यात हे वर्ष कळल्याशिवाय सांगता येत नाही.

सांगलीकडं जैन समाज मोठा, त्यांच्या नावांना त्यांच्याच सणांनी बघा. महावीर जयंती चैत्र शुद्ध त्रयोदशी, तिचे महावीर, वर्धमान, सन्मती, त्रिशला. वर्धमान म्हणजे वाढणारा, त्याच्या जन्माआधीपासून घरची भरभराट वाढायला लागली म्हणून. अक्षय तृतीया त्यांच्याकडं वेगळ्या कारणानं मोठी आहे, ऋषभदेवांनी वर्षभराच्या उपासानंतर श्रेयांस राजाच्या हातून उसाचा रस घेतला तो हा दिवस, म्हणून जैन घरातला श्रेयांस हा अक्षय तृतीयेचा असू शकतो आणि शेजारच्या घरातला अक्षयही त्याच दिवसाचा. उसाच्या पट्ट्यात राहून ही गोष्ट आपल्याला माहीत पाहिजे. बौद्ध घरांत वैशाखी पौर्णिमेचे सिद्धार्थ, गौतम, संबोधी, आणि विशाखा तिथं नक्षत्रापेक्षा बुद्धांच्या उपासिकेची म्हणून येते. १४ एप्रिलचा भीमराव तर विचारायलाच नको. ख्रिस्ती घरांत नोएल म्हणजे नाताळ आणि पास्कल म्हणजे ईस्टरचा.

पायरी पाचवी: जुळतंय म्हणून लगेच मान्य करू नका

तिथी आणि नाव जुळलं तरी घरातल्या माणसाकडून खात्री करा, आणि नाही जुळलं तरी सोडू नका. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ च्या रामनवमीचा, आणि घरी नाव ठेवलं नारायण. वसंतदादा पाटलांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ चा, वसंत ऋतूशी तारखेचा काही मेळ नाही. आजोबा-पणजोबांचं नाव फिरून ठेवायची पद्धत आहे आपल्याकडं, त्यामुळं खंडू हा चैत्रातही जन्मतो कारण त्याचा पणजोबा चंपाषष्ठीचा होता. असं झालं तर एक पिढी मागं जाऊन तिथून परत पहिली पायरी.

आणि सारख्या दिसणाऱ्या शब्दांना जपा. चैतन्य चैत्रातून येत नाही, ते चेतनातून येतं. श्रावणबाळ म्हणतो तो मुळात श्रवण, महिन्याशी त्याचा संबंध नाही. मंगल ही मंगळागौरीची असेल, मंगळवारची असेल किंवा नुसती शुभ म्हणूनही असेल, तिघींत घरच सांगू शकतं.

पायरी सहावी: बाळासाठी नाव निवडताना

आधी तारखेऐवजी तिथी लिहा, मग नक्षत्र, मग त्या आठवड्यात आपल्या आणि आईच्या माहेरच्या गावात कुठली जत्रा असते ते. आईच्या माहेरचं देवस्थान लोक विसरतात, ते धरा, निम्मं बाळ तिकडचं आहे. मग चार वाटांनी प्रत्येकी दोन-तीन नावं काढा. श्रावणात मुलगी झाली म्हणून प्रत्येक वर्गात श्रावणी असायलाच पाहिजे असं नाही, रोहिणी आहे, गोकुळा आहे, पौर्णिमा आहे. मल्हार नाव आता शहरातली लोकं हौसेनं ठेवतात, मग आपल्या घरच्या देवाचं शंभू नाहीतर भैरव जुनाट कसं? मला तरी गावच्या देवाचं नाव कुठल्याही गोड नावापेक्षा जास्त वजनाचं वाटतं. ठरवण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसासमोर ते मोठ्यानं हाक मारून बघा, तोंडात बसतं का, त्याचं हाकेचं रूप काय होणार तेही तिथंच कळतं.

पत्रिकेचं अक्षर पाहिजे असेल तर ते राशीच्या नावाला वापरा, व्यवहाराचं नाव मोकळं ठेवा, दोन नावं ठेवायची आपली पद्धत त्यासाठीच तर आहे.

मग कागद. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची, पण नाव तेव्हाच ठरलेलं असायला लागत नाही. नावाशिवाय नोंद होते आणि १२ महिन्यांपर्यंत नाव फुकट घालता येतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. त्यामुळं दवाखान्यात घाईनं काहीतरी सांगून टाकू नका, बारसं होऊ द्या. दाखला हातात आला की ग्रामपंचायतीच्या नाहीतर पालिकेच्या खिडकीवरच उभं राहून मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंग वाचा, हणमंतचं हनुमंत किंवा दत्तात्रेयचं दत्तात्रय तिथंच होतं आणि पुढं दहावीच्या फॉर्मपर्यंत तसंच चालतं. आणि त्या दाखल्याच्या झेरॉक्सच्या मागं पेनानं तिथी, नक्षत्र, जत्रा आणि नाव कोणी सुचवलं ते लिहून फाईलला लावा, पोराला मोठेपणी विचारायला माणूस नसला तरी कागद असेल.